वाचन भरपूर, तरी कथेचा लेखच होत राहिला: एका शिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी सात-आठ लिहिणारी माणसं जमतात. आपलं लिखाण वाचून दाखवायचं आणि त्यावर मोकळेपणानं बोलायचं, एवढाच कार्यक्रम. या गटाची जुळवाजुळव मी करतो. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. गटात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून इथेही बाईच. हा मजकूर त्यांनी वाचला आहे आणि छापायला होकार दिला आहे. गाव, शाळा आणि कथेतल्या कुटुंबाच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

गटातल्या आणखी दोघांचा उल्लेख पुढे येईल. एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. दुसरा झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा तरुण, जो मोबाइलवर क्रमशः कथा लिहितो आणि ज्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचक आहेत.

बाईंचं वाचन दांडगं. आठवड्याला दोन पुस्तकं सहज व्हायची. शाळेला जाता-येता एसटीत, मधल्या सुट्टीत, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर. आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना आहे: एकदा वर्गणी भरायची आणि एकेक अंक घरी न्यायचा. त्या योजनेत सगळे अंक संपवणाऱ्या सभासद बहुधा त्याच. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची त्या नोंद ठेवत. पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख, चार ओळींत कथानक आणि शेवटी 'संदेश'. अशा वह्यांची चळत त्यांच्या कपाटात आहे. या वह्यांचा पुढे संबंध येतो, म्हणून हे सांगितलं.

लिहायला त्यांनी सुरुवात केली ती एका विषयाच्या ओढीनं. त्यांच्या शाळेत दिवाळीनंतर वर्ग रिकामा होऊ लागतो. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जाते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परत येते. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. बाईंनी हे वर्षानुवर्षं वर्गाच्या दारात उभं राहून पाहिलेलं. त्यातल्या एका मुलीवर त्यांनी कथा लिहिली. तिसरीतली ही मुलगी गावात आजीजवळ ठेवलेली आणि पहिलीतला धाकटा भाऊ आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेला.

अडचण

ती कथा त्यांनी तीन दिवाळी अंकांकडे पाठवली. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. तिसऱ्या संपादकांनी मात्र फोन केला, आणि आजच्या काळात ही मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. ते म्हणाले, "विषय मोलाचा आहे, तुम्ही तो जवळून पाहिलाय हेही कळतं. पण हा लेख झालाय, कथा नाही झालेली."

बाईंना हे लागलं. लागण्याचं कारण नकार नव्हता. "एवढी वर्षं एवढं वाचतेय," त्या गटात म्हणाल्या, "मग लेख कुठला आणि कथा कुठली हे माझं मला कसं कळलं नाही?"

प्रश्न रास्त होता आणि गटातल्या प्रत्येकालाच लागू होता. आपल्याकडे नवोदिताला पहिला सल्ला मिळतो तो 'भरपूर वाचा' हाच. ज्यांनी तो सल्ला तंतोतंत पाळला, त्यांनाच जर कथा साधत नसेल तर सल्ल्यात काहीतरी राहून गेलेलं असणार.

आम्ही आधी कथा तपासली. दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. जिथे प्रत्यक्ष प्रसंग घडतो, म्हणजे माणसं एका ठिकाणी, एका वेळी काही करतात, बोलतात, तिथे लाल रेघ. जिथे निवेदक घडून गेलेलं थोडक्यात सांगतो किंवा त्यावर मत देतो, तिथे निळी. दहा पानांची कथा जवळजवळ निळी झाली. लाल रेघ तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी पात्रं एकमेकांशी बोलण्याऐवजी वाचकाशी बोलत होती. आजी नातीला सांगते, "शिक्षणाशिवाय तुझ्या आयुष्यात उजेड येणार नाही." कुठली आजी असं बोलते? बाईंनी स्वतःच हे वाक्य वाचताना मान खाली घातली.

मग गुरुजींनी एक साधी गोष्ट करून पाहिली. बाईंना अतिशय आवडणारी एक कथा त्यांनी निवडायला सांगितली आणि पुस्तक मिटून काही प्रश्न विचारले. कथेत काय घडलं? बाईंनी धडाधड सांगितलं. त्यातून काय सांगायचं आहे? तेही सांगितलं. कथा कोण सांगतंय? बाई थांबल्या. पहिला प्रसंग कुठे घडतो? आठवेना. मुख्य घटना कथेच्या सुरुवातीला कळते की शेवटी? तेही नक्की सांगता येईना. त्यांच्या वहीतली नोंदही अशीच होती: कथानक आणि संदेश. मधलं सगळं, म्हणजे ज्याच्यामुळे ती कथा कथा होते तेवढंच, नोंदीतून गळून गेलेलं.

माझं मत असं झालं की बाईंचं वाचन कमी नव्हतं, घाईचंही नव्हतं. ते एका सवयीनं बांधलेलं होतं. धड्याखालच्या स्वाध्यायात आपण हेच दोन प्रश्न मुलांना विचारत आलो आहोत, आणि बाई तर रोज विचारतात. त्यांनी कथा लिहायला घेतली तेव्हा त्यांच्याजवळ जे साठलेलं होतं तेच कागदावर उतरलं. चार ओळींचं कथानक फुगवून दहा पानांचं झालं आणि शेवटी संदेश आला.

समोरचे पर्याय

चार वाटा पुढे आल्या.

पहिली, पैसे भरून ऑनलाइन कार्यशाळा. बाईंनी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती. फी परवडण्यासारखी नव्हती, शिवाय वेळ शाळेच्या वेळेशी भिडत होती. ही वाट लवकरच मागे पडली.

दुसरी झेरॉक्सवाल्या दादाची: वर्षभर वाचन बंद, रोज एक पान लिहायचं. त्याचा अनुभव त्याच्या बाजूनं बोलत होता. रोज भाग टाकायचा असल्यामुळे प्रसंग कुठे तोडायचा, वाचकाला कुठे अडकवायचं हे त्याला अंगवळणी पडलं आहे. बाईंना यातलं 'रोज लिहायचं' पटलं, वाचन सोडणं पटलं नाही.

तिसरी गुरुजींची, आणि ती सगळ्यात मोठी होती. त्यांचं म्हणणं, मराठी कथा क्रमानं वाचून काढा, नवकथेच्या, म्हणजे मराठी कथेला नवं वळण देणाऱ्या प्रवाहाच्या, आधीपासून. मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, मग जी. ए. कुलकर्णी, मग बाबूराव बागूल आणि पुढचे. परंपरा कळली की आपलं लिखाण कुठे उभं आहे ते कळतं. यात तथ्य आहेच. पण बाईंची अडचण अशी होती की त्यातले निम्मे लेखक त्यांनी वाचलेलेच होते, वहीत नोंदीसकट.

चौथी वाट मी सुचवली. थोडंच वाचायचं, तेच पुन्हा वाचायचं, आणि स्वतःचा अडलेला मसुदा शेजारी ठेवून वाचायचं. यात नवं काही नाही. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहिलंय की तरुणपणी तो 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातले निबंध घेई, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवी, काही दिवस बाजूला ठेवून त्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहून काढी आणि मग मूळ निबंधाशी ताडून पाही. आपण कुठे कमी पडलो हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

ही शेवटची गोष्ट आमच्यासाठी महत्त्वाची होती. एके काळी मराठीत नव्या लेखकाला हे सांगणारे संपादक होते. 'सत्यकथा'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन मसुद्यावर लेखकाशी पत्रव्यवहार करत, पुन्हा लिहून मागत. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. आजही चांगले संपादक आहेत, पण तालुक्याच्या गावातून आलेल्या अनोळखी कथेवर पानभर पत्र लिहायला कुणाला सवड असणार? बाईंना मिळालेला तो एक फोनच भाग्याचा होता. बाकीचं काम वाचनानं आणि गटानंच करायला हवं होतं.

बाईंनी चौथी वाट धरली, त्यात दादाचं रोजचं पान घातलं. इथेच आणखी एक निर्णय झाला, ज्याबद्दल पुढे लिहिणार आहे: हे चालू असेतोवर बाकीचं सगळं वाचन बंद ठेवायचं.

प्रत्यक्ष काय केलं

सुरुवात रशियन लेखक चेखव्हच्या १८८६ च्या एका कथेनं झाली. बर्फात गिऱ्हाईकाची वाट पाहणारा म्हातारा घोडागाडीवाला आयोना, त्याचा मुलगा नुकताच वारला आहे आणि त्याला ते कुणाला तरी सांगायचं आहे. बाईंनी मराठी अनुवाद हातानं वहीत उतरवून काढला. मग प्रत्येक परिच्छेदापुढे एकच गोष्ट लिहायची: हा परिच्छेद काय *करतो*? काय सांगतो ते लिहायचं नाही.

या कामाला दोन आठवडे लागले आणि त्यातून जे हाती आलं ते बाईंच्या वीस वह्यांत नव्हतं. आयोना सांगायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करतो. पहिला प्रवासी लष्करी अधिकारी. तो निदान विचारतो, कशानं गेला? मग डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण; त्यांच्यातला एक म्हणतो, सगळेच मरणार आहोत. मग एका इमारतीचा दरवान, तो त्याला तिथून गाडी हलवायला सांगतो. मग उताऱ्याच्या जागी पाणी प्यायला उठलेला तरुण गाडीवाला, जो आयोनाचं वाक्य पुरं व्हायच्या आत पांघरूण घेऊन झोपलेला असतो. शेवटी घोडी. दर वेळी ऐकणारा वेगळा, आणि दर वेळी तुटण्याची तऱ्हा वेगळी. बाईंनी लिहिलं: "ऐकणारे कमी होत जातात."

दुसरी नोंद मला अजून मोलाची वाटते. त्या म्हणाल्या, "लेखक दुःखावर बोलतच नाही असं मला पूर्वी वाटायचं. तसं नाही. एकदा बोलतो. ते तिघं तरुण उतरून गेल्यावर. हे दुःख बाहेर वाहिलं असतं तर जग बुडालं असतं, असं सरळ लिहितो. पण ते मधेच. शेवटी नाही." स्वतःच्या कथेत त्यांनी सगळं भाष्य शेवटी साठवलं होतं. भाष्य करावं की करू नये, या नेहमीच्या वादापेक्षा ते कुठे ठेवावं हा प्रश्न कितीतरी उपयोगाचा आहे, आणि तो उतरवून काढल्याशिवाय सुचला नसता.

मग अपेक्षित तेच झालं. बाईंच्या दुसऱ्या मसुद्यात ती मुलगी आईला फोन लावून द्या म्हणून चार जणांकडे जाते, चौघं टाळतात, शेवटी ती शाळेमागच्या कुत्रीला सगळं सांगते. गटात वाचन झालं आणि कुणीच काही बोलेना. दादा म्हणाला, "बाई, हे चांगलंय, पण हे तुमचं नाही." बाईंनाही ते माहीत होतं. नक्कल ही शिकण्यातली पायरी आहे, तिची लाज नसावी. पण इथे निर्णय करायचा होता: हाच मसुदा सुधारायचा की सोडायचा? सुधारून तो छापण्याजोगा झाला असता असं गुरुजींना वाटत होतं. बाईंनी तो सोडला. तो निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणेन, कारण साचा उसना होता इतकंच नाही, त्या साच्यात त्यांनी स्वतः पाहिलेलं जवळजवळ काहीच शिरत नव्हतं.

इथे गटाचा खरा उपयोग झाला. कुणीतरी विचारलं, "ती मुलगी कशी होती ते राहू द्या, तिनं वर्गात प्रत्यक्ष काय केलेलं तुम्हाला आठवतं?" बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, हजेरी घेताना ती भावाच्या नावालाही 'हजर' म्हणायची.

दोनशिक्षकी शाळा. पहिली आणि तिसरी एकाच खोलीत. भावाचं नाव पटावर होतं, तो फडावर. बाई नाव पुकारायच्या आणि मागच्या ओळीतून हिचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी त्या रागावल्या होत्या, नंतर रागवायचं सोडून दिलं. हजेरीपटावर मात्र गैरहजेरीच मांडावी लागायची, कारण पोषण आहाराचा हिशेब त्याच आकड्यावर चालतो. हे सगळं त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतः केलेलं होतं, आणि दहा पानांच्या पहिल्या मसुद्यात यातलं एक अक्षर नव्हतं. का नव्हतं? त्यांचं उत्तर: "त्यात संदेश काय, ते मला सांगता आलं नसतं."

यापुढचा अवघड प्रश्न, कथा सांगायची कुणी? बाईंनी तीन सुरुवाती लिहिल्या. मुलीच्या नजरेतून लिहिलेली सुरुवात गोड झाली, आणि तोच तिचा दोष होता. आठ वर्षांच्या मुलीच्या मनात मोठ्या बाईची वाक्यं येत होती. आजीकडून लिहिली तर शाळेतला प्रसंग आजीला दिसणारच नाही. उरली शिक्षिका. पण पहिला मसुदा बिघडला होता तो शिक्षिकेच्याच 'मी'मुळे. ती सतत हळहळायची, डोळे पुसायची.

अडचण इतकी नेमकी झाल्यावर पुस्तक निवडणं सोपं गेलं. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी' ही कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या छोट्या वाडीवर आलेला तरुण मास्तर स्वतःच सगळी हकीकत सांगतो, आणि शेवटाकडे दुष्काळात वाडी रिकामी होत जाते. शिक्षक निवेदक आणि रिकामं होणारं गाव. बाईंच्या कथेला याहून जवळचं काय असणार? त्यांनी ती पूर्वी वाचलेली होती. वहीतली नोंद सापडली. संदेशाच्या जागी लिहिलं होतं: 'ग्रामीण जीवनाचं दर्शन.'

या वेळी त्यांनी एकच गोष्ट पाहिली. मास्तर स्वतःबद्दल केव्हा बोलतो आणि केव्हा गप्प राहतो? तो पाहतो, ऐकतो, लोकांची कामं करतो, तालमीच्या खटपटीत पडतो. त्याला काय वाटलं हे आपल्याला बहुतेक वेळा त्यानं काय पाहिलं यावरून कळतं. बाईंनी आपल्या मसुद्यातली 'मला वाटलं', 'मन भरून आलं', 'काळजात कालवलं' अशी वाक्यं खोडली आणि त्या जागी शिक्षिका त्या क्षणी काय करत होती ते लिहिलं. हजेरीपटावर रेघ ओढत होती. पेनाचं टोपण शोधत होती. तांदळाची नोंद करत होती.

मग कथेला प्रसंग मिळाला. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख अचानक शाळेला भेट देतात, हजेरीपट स्वतःकडे घेतात आणि नावं पुकारू लागतात. भावाचं नाव येतं. मागून 'हजर' येतं. ते मान वर करून पाहतात, पटावरची मांडणी पाहतात, बाईंकडे पाहतात. शिक्षिकेनं आता काय सांगायचं? ही जागा बाईंनी किती वेळा लिहिली ते मी मोजलं नाही. कधी शिक्षिका सगळं समजावून सांगे, कधी मुलीला गप्प करी. शेवटच्या रूपात ती एवढंच म्हणते, "सर, पुढचं नाव घ्या." यातलं केंद्रप्रमुखांचं येणं पूर्णपणे कल्पित आहे. पाहिलेल्या गोष्टीला ठिणगी पडायला जे हवं ते कधी कधी रचावं लागतं, आणि रचायचा धीर बाईंना या टप्प्यावर प्रथम आला.

आजीच्या बोलण्याचा प्रश्न वेगळा होता. 'बनगरवाडी' डोक्यात असल्यामुळे आजी माणदेशी बोलू लागली. सातारा-सांगली-सोलापूरच्या सीमेवरची ती बोली बीडच्या आजीच्या तोंडी शोभेना. गुरुजींना हे पटायला वेळ लागला. ग्रामीण कथा म्हटली की तीच भाषा, असं वर्षानुवर्षांच्या वाचनानं त्यांच्या कानात बसलं आहे. आम्ही ठरवलं की प्रत्येक उच्चार अक्षरांत पकडायच्या मागे लागायचं नाही. आजीच्या वाक्याची ठेवण आणि दोन-चार खास शब्द तेवढे धरायचे. 'उजेड येणार नाही' या वाक्याच्या जागी आता आहे: "आई आली की बघू म्हणते मी तिला. रोजच म्हणते."

चेखव्हच्या वेळी राहिलेली एक गोष्टही इथे लक्षात आली. अनुवाद उतरवून काढल्यानं बांधणी शिकता येते, पण मराठी वाक्याचा कान तयार होत नाही. तो मूळ मराठीतूनच व्हावा लागतो. म्हणून पुढचे दोन महिने त्यांनी 'बनगरवाडी'तली पानं मोठ्यानं वाचली आणि लगेच आपलं त्या दिवशीचं पानही मोठ्यानं वाचलं.

छापायला देण्याआधीचा शेवटचा निर्णय लेखनाच्या तंत्रातला नव्हता, पण तो टाळून चालणार नव्हता. गाव लहान. भावाच्या नावाला 'हजर' म्हणणारी मुलगी कोण, हे कुणालाही कळलं असतं. मुलीऐवजी मुलगा करावा अशी एक सूचना आली. बाईंनी ती नाकारली, कारण मुलाला बरोबर नेलं आणि मुलीला मागे ठेवलं यातच कथेचा अर्धा जीव होता. त्यांनी दोन घरांतले तपशील एकत्र केले, भावंडांची इयत्ता बदलली, आणि मग स्वतः जाऊन आजीला सांगितलं की असं लिहिलंय. आजी म्हणाली, लेकराचं नाव तेवढं टाकू नका. आईबाप फडावरून परत आल्यावर बाई पुन्हा गेल्या आणि त्यांनाही कथा वाचून दाखवली. हे सगळं होईपर्यंत कथा कुठेही पाठवली नाही. त्यामुळे त्या वर्षीच्या दिवाळी अंकांची मुदत अगदी काठावर आली. मला तो उशीर रास्त वाटतो.

निष्पत्ती

कथा साडेचार पानांची झाली. ज्या संपादकांनी फोन केला होता त्यांनाच आधी पाठवली. त्यांचा अंक भरला होता, तरी त्यांनी कळवलं की आता ही कथा आहे. ती छापून आली जिल्ह्यातून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकात, मानधनाशिवाय. ओळखीच्या दोन शिक्षकांनी वाचली आणि हजेरीपटाचा प्रसंग वाचून बाईंना विचारलं, केंद्रप्रमुख आले होते ते कोणत्या साली?

पुढची कथा मात्र जमली नाही. विषय होता हंगामी वसतिगृहातला स्वयंपाक. पहिल्या कथेनं जे शिकवलं ते बाईंनी नियमासारखं लावलं: भाष्य नाही, भावना नाही, फक्त कृती. मसुदा कोरडा झाला. एक अडचण सुटली म्हणून सापडलेली युक्ती दुसऱ्या कथेला लागू पडेलच असं नाही, हे त्यांना कळलं, पण त्या मसुद्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

वाचनाच्या सवयीत झालेला बदल टिकला. वहीतला 'संदेश' हा रकाना गेला. त्याजागी तीन प्रश्न आले: सांगतंय कोण, कथा केव्हा सुरू होते, आणि लेखकानं काय सांगायचं टाळलं. सगळ्या पुस्तकांची नोंद आता होत नाही, जे दुसऱ्यांदा वाचलं त्याचीच होते.

वेगळं काय करता आलं असतं

बाकीचं वाचन बंद ठेवण्याचा निर्णय मी आज पुन्हा केला जाऊ देणार नाही. त्यानं लक्ष एकवटलं हे खरं. पण त्या काळात बाईंचा वाचनातला आनंद आटला. कुठलंही पान उघडलं की त्या पेन्सिल शोधू लागत. एसटीत पुस्तक न उघडता खिडकीबाहेर बघत बसत. ज्या ओढीनं माणूस लिहायला येतो ती ओढच जर आटली तर तंत्र शिकून करायचं काय? कथा छापून आल्यावर त्यांनी दोन वाचनं वेगळी केली. सकाळचं पेन्सिल घेऊन, एकच कथा, महिनाभर. एसटीतलं मोकळं, जे हाताला लागेल ते, नोंदीशिवाय. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. आम्ही आधी चेखव्ह निवडला आणि मग मसुदा त्याच्याकडे ओढला गेला. 'बनगरवाडी'च्या वेळी उलट झालं: आधी नेमकी अडचण सापडली, मग तिच्यासाठी पुस्तक. दुसऱ्या वेळी नक्कल झाली ती फक्त बोलीत, आणि ती लगेच दिसली. पहिल्या वेळी सबंध कथाच दुसऱ्याच्या साच्यात गेली. 'त्या मुलीनं प्रत्यक्ष काय केलं' हा प्रश्न पेन्सिलींच्याही आधी विचारला असता तर मधले काही महिने वाचले असते. अर्थात चेखव्ह उतरवला नसता तर भाष्याच्या जागेचा प्रश्न सुचला असता का, हेही विचारायला हवं. मला तरी त्याचं उत्तर सरळ वाटत नाही.

गुरुजींची वाट आम्ही लवकर बाजूला सारली, तेही पुन्हा तपासावंसं वाटतं. बीड आणि आसपासच्या भागात, आपल्याच बोलीत, ऊसतोडीवर किंवा स्थलांतरावर आधी कुणी काय लिहिलंय हे बाईंनी शोधलं नाही. शोधलं असतं तर आजी माणदेशात फिरून आली नसती. परंपरा क्रमानं वाचून काढण्यापेक्षा आपल्या गावापासून सुरू करून बाहेर वाचत जाणं, अशी त्या सल्ल्याची दुरुस्ती आता गुरुजींनीच मांडली आहे आणि तशी यादीही ते करताहेत.

गटात सध्या मसुदा आधी वाचला जातो आणि त्यातली अडलेली जागा पाहून पुढच्या रविवारचं वाचन ठरतं. या महिन्यात दादाची क्रमशः कथा संवादांत अडली आहे. दोन भाऊ वाटणीवरून भांडतात आणि दोघं एकाच आवाजात बोलतात. त्यासाठी गुरुजींना एखादं नाटक वाचावं असं वाटतंय. बाईंचं म्हणणं आहे की दादानं आधी तलाठी कार्यालयाबाहेर दोन सकाळी बसून ऐकावं.